टेलिफोनच्या जुन्या पाइपातून: घरच्या मेश वायफायला वायर जोडताना

मी स्पीच थेरपिस्ट आहे. निम्मी सेशन्स ठाण्यातल्या क्लिनिकमध्ये होतात आणि उरलेली घरून, लॅपटॉपवर, कारण सातारा किंवा जालन्याच्या आईवडिलांना दर आठवड्याला मुलाला घेऊन इथे येणं जमत नाही. ४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. दुपारी साताऱ्याकडचा एक चार वर्षांचा मुलगा समोर होता. तो 'क'च्या जागी 'त' म्हणतो. काकूची तातू होते, कावळ्याचा तावळा. जिभेचा मागचा भाग वर कसा उचलायचा, यावर आमचं सहा आठवडे काम चाललं होतं. मी कावळ्याचं चित्र दाखवलं, त्याने तोंड उघडलं आणि स्क्रीन गोठली. आवाजही गेला. नऊ-दहा सेकंदांनी सगळं परत आलं, तेव्हा त्याची आई हसत होती. "मॅडम, म्हणाला की! अगदी नीट म्हणाला!"

मला ऐकूच आलं नव्हतं. पुन्हा म्हणायला लावलं तर तो तावळा म्हणाला.

मुलाच्या तोंडून पहिल्यांदा बरोबर आवाज निघतो, त्या क्षणीच त्याला शाबासकी मिळावी लागते. दहा सेकंदांनी दिलेल्या शाबासकीचा उपयोग नसतो, कारण आपण नेमकं काय वेगळं केलं हे तो तोवर विसरलेला असतो. शिवाय 'क' आणि 'त' यांतला फरक आवाजाच्या फार छोट्या तुकड्यात असतो. तेवढाच तुकडा वाटेत गळला, तर मूल काय म्हणालं हे मला ठरवताच येत नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता हे नीट करायचंच. त्याला सव्वा महिना लागला. त्या काळात मला मराठीत कुणी सांगणारं भेटलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

पाचपाखाडीतली आमची बिल्डिंग १९९७ची. सासऱ्यांनी तेव्हा घेतलेला एक फ्लॅट आणि आम्ही २०११ मध्ये घेतलेला शेजारचा, असा जोडफ्लॅट आहे. फायबर पहिल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीपाशी येतं. मी काम करते ती खोली दुसऱ्या फ्लॅटच्या पार टोकाला, कारण तिथे कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीचा आवाज पोचत नाही. मध्ये स्वयंपाकघर, पॅसेज, बाबांची म्हणजे सासऱ्यांची बेडरूम, त्यातलं लोखंडी कपाट, दोन फ्लॅटमधली नऊ इंची भिंत आणि तिला लागून आरसीसीचा कॉलम. वायफायला या सगळ्यातून यायचं होतं.

दिवाळीत आम्ही तीन डब्यांचा मेश संच घेतला होता, साडेतेरा हजारांचा. मेश म्हणजे आपापसात जोडलेले डबे, जे मिळून घरभर एकच वायफाय पोचवतात. एक डबा हॉलमध्ये, दुसरा बाबांच्या बेडरूममध्ये, तिसरा माझ्या खोलीत. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसायच्या, आणि मी त्यावरच खूश होते. पण त्या रेघा फक्त माझा फोन आणि माझ्या खोलीतला डबा यांच्यातल्या असतात. तो डबा मागच्या डब्याशी आणि मागचा हॉलमधल्या मुख्य डब्याशी कसा बोलतो, ते त्या रेघा सांगत नाहीत. डब्यांच्या आपापसातल्या या रस्त्याला बॅकहॉल म्हणतात. आमच्या संचात त्यासाठी वेगळा रेडिओ नव्हता. ज्या रेडिओवरून डबा माझ्या लॅपटॉपशी बोलायचा, त्याच रेडिओवरून त्याला मागच्या डब्याकडे निरोप पोचवावा लागे. एका वेळी एकच काम होतं, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर क्षमता साधारण निम्मी होते. माझ्यापर्यंत असे दोन टप्पे होते.

आठवडाभर मी एका वहीत नोंदी ठेवल्या: तारीख, वेळ, खोली, वेग, आणि पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये मुख्य डब्याजवळ १९०-१९५ यायचे. माझ्या खोलीत कधी ६०, कधी २५. व्हिडिओ कॉलला २५सुद्धा भरपूर झाले. खरी अडचण पिंगच्या रकान्यात दिसली. एका मिनिटात ९, १२, ११, ३४०, १०, २८०. संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर जोरात असतात. मला जास्त वेग नको होता, सलगपणा हवा होता. तुम्हीही काही विकत घेण्याआधी अशी वही आठवडाभर ठेवा. आपलं दुखणं नेमकं कुठे आहे ते तिच्यात दिसतं आणि नंतर फरक पडला की नाही हेही कळतं.

दुकानदाराने चौथा डबा घ्यायला सांगितलं. त्याने आणखी एक टप्पा वाढला असता. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे अॅडॉप्टर मिळतात, त्यांचाही विचार केला. पण आमच्या दोन फ्लॅटचे मीटर वेगळे, वायरिंग वेगळं, तेव्हा एका फ्लॅटमधून दुसऱ्यात सिग्नल जाण्याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या फ्लॅटला वेगळं कनेक्शन घेतलं असतं, तर दर महिन्याचं बिल कायमचं मागे लागलं असतं. राहिली वायर. डब्यांना एकमेकांशी वायरने जोडायचं, म्हणजे रेडिओ फक्त आपल्या फोन-लॅपटॉपसाठी मोकळा राहतो.

वायर न्यायची कुठून? हॉलभर प्लास्टिकची पट्टी लावायला सासूबाई तयार नव्हत्या; रंग गेल्या वर्षीच दिलेला. नेहमीचे इलेक्ट्रिशियन दादा बघून गेले आणि म्हणाले, "वहिनी, लाइटच्या पाइपात जागा आहे की, त्यातनंच ओढू." त्याला मी नाही म्हटलं आणि तुम्हीही म्हणा. २३० व्होल्टची वायर आणि डेटा केबल एका पाइपात घालायची नसते. जुन्या वायरचं इन्सुलेशन कुठे सोललेलं असेल तर वीज थेट आपल्या डब्यात, लॅपटॉपमध्ये, हातात येऊ शकते. सिग्नलमध्ये खरखर येते ती वेगळीच.

७ नोव्हेंबरला रात्री जेवताना हे बोलणं चाललं होतं. बाबा ऐकत होते. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "अगं, फोनचं एक्स्टेंशन माझ्या बेडरूममध्ये होतं ना. त्याची वायर काय हवेतून गेली होती?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. घरात एमटीएनएलचा लँडलाइन होता. फोन हॉलमध्ये, आणि आजेसासूबाई आजारी असताना त्यांच्या उशाशी एक जादा उपकरण. बिल्डरने टेलिफोनसाठी विजेपासून वेगळा पाइप भिंतीतून टाकलेला होता. त्या काळातल्या पुष्कळ बिल्डिंगमध्ये असा पाइप असतो आणि लँडलाइन गेल्यावर तो कुणाच्याही लक्षात राहत नाही. टीव्ही युनिटच्या मागे एक कोरी पांढरी प्लेट होती, तिच्याकडे मी चौदा वर्षं कधी पाहिलंही नव्हतं. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर आणला. दोन्ही स्क्रू गंजलेले. आत धुळीत करड्या वायरचं टोक, त्याला काळी टेप गुंडाळलेली. बाबा म्हणाले, "ही बघ. ही सरळ माझ्या खोलीत जाते." त्या वायरवर त्यांनी हात फिरवला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

पाइपाने हॉल ते बाबांची बेडरूम एवढा रस्ता दिला. तिथून पुढे दोन फ्लॅटमधल्या भिंतीला एक भोक पाडावं लागणार होतं, आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी.

१० नोव्हेंबरला सोमवारी सोसायटीच्या ऑफिसात गेले. बारा मिलिमीटरच्या भोकासाठी एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. अंतर्गत कामाचा छापील अर्ज, फी २०० रुपये. शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स. बीम, कॉलम, स्लॅबला धक्का लावणार नाही असं सहीचं पत्र. काम करणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत. पाच हजारांचा डिपॉझिटचा चेक, काम तपासून परत मिळणारा. मी सगळं घेऊन गेले तर मॅनेजरांनी अर्ज परत दिला. भिंत दोन फ्लॅटमधली आहे, एक फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आणि दुसरा आम्हा दोघांच्या. मग अर्ज दोन हवेत, दोन्ही सर्टिफिकेटांच्या प्रती लावून. जोडफ्लॅट असलेल्यांनी हे लक्षात ठेवा: आतून घर एक असलं तरी कागदावर ती दोन घरं असतात. फी आणि डिपॉझिट मात्र एकदाच घेतलं. १२ तारखेला दोन्ही अर्ज दिले, पोच घेतली. कमिटीची मीटिंग २३ तारखेला रविवारी होती, म्हणून पत्र २४ला हातात पडलं. कामाच्या वेळा दहा ते एक आणि तीन ते सहा, रविवारी बंद. मला तेव्हा चिडायला झालं होतं. पण वरच्या मजल्यावर एका बिऱ्हाडाने विचार न करता बीम खोदलेला मी पाहिला आहे, त्यामुळे ही कडक शिस्त असावी असंच आता वाटतं.

मधल्या दिवसांत इंटरनेट कंपनीच्या मागे लागले. फायबर ज्या डब्यात येतं तो ओएनटी स्वतःच राउटरचंही काम करत होता, आणि त्याच्यापुढे आमचा मेशचा मुख्य डबा पुन्हा राउटर. एकामागे एक दोन राउटर झाल्यामुळे घरातच दोन वेगळी जाळी तयार झाली होती. बाबांचा प्रिंटर एका जाळ्यात, माझा लॅपटॉप दुसऱ्यात, दोघं एकमेकांना दिसत नव्हते. उपाय दोन असतात. मेशला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचं, म्हणजे त्याने फक्त वायफाय द्यायचं आणि राउटरचं काम ओएनटीकडेच ठेवायचं, किंवा ओएनटीला ब्रिज मोडमध्ये टाकून राउटरचं काम फक्त मेशकडे द्यायचं. आमच्या मेशचे काही पर्याय पहिल्या पद्धतीत बंद होतात, म्हणून दुसरी निवडली. ११ नोव्हेंबरला फोन केला तर "असं होत नाही" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने ईमेल करायला सांगितलं. ईमेलवर तक्रार क्रमांक मिळाला आणि १७ला कंपनीचा मुलगा आला. चाळीस मिनिटं नेट बंद होतं. ब्रिज मोड केल्यावर इंटरनेट कंपनीचं लॉगिन मेशच्या डब्यात भरावं लागतं, तेव्हा तो काही बदलण्याआधी युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. मी घेतला नव्हता, आणि त्या मुलाला ऑफिसात फोन लावून बसावं लागलं. ओएनटीचं स्वतःचं वायफायही त्याच्याकडूनच बंद करून घेतलं.

२९ नोव्हेंबरला शनिवारी केबल घ्यायला लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, शिवाय आपल्या मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून चर्चगेट स्लोने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चालत. ठाण्यातल्या दोन दुकानांत मी आधी केबल पाहिली होती. दोन्हीकडे खोक्यावर कॅट सिक्स हा नेटवर्क केबलचा दर्जा छापलेला, भाव अगदी कमी, आणि हातात घेतली तर नुसती हलकी. ती सीसीए निघाली, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. ओळखायची सोपी रीत एका दुकानातल्या वयस्कर काकांनी दाखवली. त्यांनी केबलचं टोक सोललं, एक तार काढून ब्लेडने हलकेच खरवडली. "आत पांढरं दिसलं तर ठेवून द्यायची. आत-बाहेर लाल असेल तर घ्यायची." मग दोन्ही प्रकारच्या तारा इकडे-तिकडे वाकवून दाखवल्या. सीसीएची तार तिसऱ्या वाकवण्यात तुटली, तांब्याची नाही. भिंतीत जाणारी केबल पुन्हा बाहेर काढायची नसते, तिथे पैसे वाचवू नका.

कॅट सिक्स घेतली. एक गिगाबिटसाठी, म्हणजे हजार एमबीपीएससाठी, आधीच्या दर्जाची कॅट फाइव्ह ई सुद्धा शंभर मीटरपर्यंत पुरते, पण भावातला फरक थोडा होता आणि पुढे लागली तर दहा गिगाबिटलाही ती घरातल्या अंतरात चालते. लागणारं अंतर वीस मीटर, मी चाळीस घेतली. सुटी केबल घेताना एक करा: वेष्टनावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करा. मला दिलेली साडेएकोणचाळीस भरली, सांगितल्यावर काकांनी काही न बोलता वरचं अर्धं मीटर कापून दिलं.

९ डिसेंबर, मंगळवार. इलेक्ट्रिशियन दादा सव्वादहाला आले, गेटवर पास दाखवून. बेडरूममधली टेलिफोनची प्लेट नेमकी लोखंडी कपाटाच्या मागे. कपाटात आईंच्या साड्या आणि बँकेचे कागद. ते रिकामं करून सरकवायलाच तास गेला. हे आदल्या रात्री करून ठेवायला हवं होतं. मग हॉलच्या बाजूने पाइपात वायर ओढायची स्प्रिंग घातली. चार-पाच मीटर गेली आणि अडली. बेडरूमच्या बाजूनेही तसंच. जुनी करडी वायर ओढून बघितली, ती हलेना. दादा म्हणाले, "पाइप आत बसलाय वहिनी, फोडावं लागेल."

बाबा पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. ते उठले आणि कालनिर्णय लावलेल्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत चालले. ठक, ठक, ठक. कॅलेंडरच्या खिळ्याच्या खाली हातभर अंतरावर आवाज बदलला, पोकळ झाला. "इथे एक चौकोनी डबी होती. दुसऱ्यांदा रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने पुट्टी भरून बुजवली." दादांनी पत्रीने खरवडलं. आधी गेल्या वर्षीचा पिस्ता रंग, खाली फिका पिवळा, त्याखाली पांढरा, मग पुट्टीचा थर, आणि मग पीव्हीसीच्या झाकणाची कड. डबीत जुनी वायर दोन वेटोळी घालून गाठ मारून ठेवलेली होती. म्हणून ती हलत नव्हती.

गाठ सोडवल्यावर पुढचं काम वीस मिनिटांचं झालं. जुनी वायर काढून टाकू नका, तीच ओढायची दोरी असते. नव्या केबलचं टोक तिला टेपने बांधायचं, तेही निमुळतं, कोपऱ्यात अडकणार नाही असं. वर टाल्कम पावडर लावायची. एकाने मागून हळूच ढकलायचं, दुसऱ्याने पुढून ओढायचं, आणि ओढणाऱ्याने हिसका द्यायचा नाही. हॉलमधून डबीपर्यंत आणली, तिथे पूर्ण लांबी बाहेर काढून घेतली आणि मग डबीतून बेडरूमकडे. मध्ये कुठेही जोड दिलेला नाही, केबल अखंड आहे. डबीत तिला वळण देताना टोकदार कोन न करता मोठा गोल दिला. निदान एक इंच त्रिज्या सोडावी. बेडरूमच्या प्लेटमधून निळं टोक बाहेर आलं तेव्हा आई टाळ्या वाजवत होत्या.

एक वाजता थांबलो. तीनला भोक. दादांना ते वर, छताजवळ पाडायचं होतं, कारण पट्टी वरून गेली की दिसत नाही. पण तिथे बीम आहे. सोसायटीला दिलेलं पत्र मी त्यांना दाखवलं आणि स्कर्टिंगच्या वर वीतभर जागा ठरवली. भोक पाडताना आणखी एक बघा: स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल लावायचं नाही, विजेचे पाइप तसेच उभे गेलेले असतात. नऊ इंचांची वीट फुटभर लांबीच्या बिटाने दहा मिनिटांत आरपार झाली. पलीकडे मी ओलं फडकं धरून बसले होते, लाल भुकटी त्यात पडली.

दुसऱ्या दिवशी पट्टी, सॉकेट आणि टोकं. रचना अशी: ओएनटी, त्याच्यापुढे मेशचा मुख्य डबा, मुख्य डब्यातून केबल पाइपातून बेडरूममध्ये, तिथे पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे एका केबलला अनेक फाटे फोडणारं यंत्र. स्विचमधून एक वायर दुसऱ्या डब्याला आणि एक भिंतीतून माझ्या खोलीत. क्रम महत्त्वाचा. स्विच मुख्य डब्याच्या पुढेच हवा. तो ओएनटी आणि मुख्य डबा यांच्यामध्ये लावला, तर बाकीचे डबे मुख्य डब्याच्या हाताखाली राहत नाहीत आणि सगळा गोंधळ होतो.

संध्याकाळी ॲपमध्ये दोन्ही डब्यांपुढे 'वायर्ड' आलं. त्यासाठी डबे एकदा बंद करून सुरू करावे लागले. वेग तपासला: ९४. पुन्हा, ९४. लॅपटॉप थेट वायरने जोडला, तरी ९४. हॉलमध्ये १९५. दादा म्हणाले, आधीपेक्षा चांगलंय की. खरंच चांगलं होतं, पण तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. वायफायचा आकडा सतत वरखाली होतो. हा एकदाही हलला नाही. एवढा स्थिर आकडा म्हणजे कुठेतरी मर्यादा घातलेली आहे.

रात्री वाचून समजलं. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी लागली नाही तरी दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा गुपचूप शंभरवर उतरतात. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही, नेट चालू राहतं, आणि वरखर्च वजा जाऊन हातात ९४ येतात. आमच्या स्विचवर बाकीच्या पोर्टांचे दिवे हिरवे होते आणि हॉलकडून येणाऱ्या एकाचाच पिवळट. इतका वेळ तो आमच्यासमोर लुकलुकत होता.

१३ डिसेंबरला शनिवारी दादा परत आले. मी साडेतीनशेचा केबल टेस्टर मागवून ठेवला होता. त्याचे दोन भाग केबलच्या दोन टोकांना लावायचे, मग एक ते आठ दिवे ओळीने लागतात. एक, दोन, तीन, पाच. चौथा लागलाच नाही. चौथी तार निळी. बेडरूमकडचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. कनेक्टर पारदर्शक असतो, नीट बघितलं की आत रंग दिसतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम अगदी बरोबर होता. पण सात तारा कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेल्या आणि निळी त्यांच्या मागे, जेमतेम मिलिमीटरभर. सोन्यासारखी पिवळी पत्ती तिच्या पुढे मोकळ्या जागेत दाबली गेली होती. दादांनी टोक कापलं, तारा सारख्या छाटल्या, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू दिला नाही, आणि क्रिम्प करण्याआधी, म्हणजे पकडीने दाबून बसवण्याआधी, कनेक्टर मला दाखवला. आठही टेकलेल्या. टेस्टरवर आठही दिवे लागले, स्विचचा दिवा हिरवा झाला, माझ्या खोलीत १९४ आले. दादांनी त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. उलट टेस्टर कुठून घेतला ते विचारून गेले.

काम करणारा माणूस घरातून जाण्याआधी टेस्टर लावून घ्या. आमचे तीन दिवस वाचले असते.

खर्च, मेशचा संच सोडून: केबल १,२००, स्विच १,३५०, कनेक्टर १८०, दोन वॉल सॉकेट ५२०, तीन तयार पॅच कॉर्ड ५४०, टेस्टर ३५०, पट्टी आणि स्क्रू-गिट्ट्या ३१०, दादांची दोन दिवसांची मजुरी २,८००, सोसायटीची फी २००, डबीभोवतीचा रंग ६००. एकूण ८,०५०. डिपॉझिट सुपरवायझरने भोक आणि पट्टी पाहिल्यावर ५ जानेवारीला परत मिळालं. पावती जपून ठेवली होती, ती मागितली गेली. डबी या वेळी बुजवली नाही. तिला नवं झाकण लावलं आहे आणि त्यावर कालनिर्णय.

वहीत मी पुढचे दोन आठवडे नोंदी चालू ठेवल्या. माझ्या खोलीतून पिंग आता ४ ते ७, संध्याकाळी आठलाही. सेशनच्या वेळी लॅपटॉप थेट वायरने जोडते. खोलीपर्यंत वायर आलीच आहे तर मधे वायफाय कशाला. बाबा त्यांच्या खोलीतून पुण्याच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल करतात आणि फोन हातात घेऊन हॉलमध्ये येतात, तरी तुटत नाही. साताऱ्याच्या मुलाचा 'क' अजून कधी लागतो, कधी सुटतो. त्याला वेळ लागेलच. पण आता सुटला की तो त्याच्या जिभेवरून सुटलेला असतो, हे मला नक्की माहीत असतं.

गेल्या रविवारी चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या. मुलगा घरून काम करतो, आतल्या खोलीत नेट टिकत नाही. त्यांचा फ्लॅट आमच्या बरोब्बर वर, आखणी तीच. उरलेली चौदा मीटर केबल मी त्यांना दिली. बाबा चपला घालून त्यांच्याबरोबर वर गेले. थोड्या वेळाने छतातून ठक, ठक, ठक असा आवाज यायला लागला.